न धुतलेली गोधडी

कसबा पेठेतल्या आमच्या वाड्यासमोर सकाळी दहाच्या सुमाराला रिक्षा थांबायची, संस्थेच्या ताई उतरायच्या, आणि माडीच्या खिडकीतून माझा धाकटा भाऊ ओरडायचा, "आजी, अक्रूर आला!" त्या दिवशी दुपारनंतर आमच्याकडे पाळण्याची दोरी कुणी ओढायचं नाही.

हे नाव आजीनं दिलेलं. तिच्याकडे प्रत्येक प्रसंगाला भागवतातली एखादी गोष्ट तयार असायची. कृष्णाला मथुरेला न्यायला आलेला तो अक्रूर. आम्ही पोरं संस्थेच्या ताईंचा राग राग करायचो, तेव्हा आजी म्हणायची, "नाव बघा त्याचं. अ-क्रूर. गोकुळातल्या बायांनी त्याला कमी शिव्या दिल्या नाहीत. पण तो काही आपल्या मनानं आला नव्हता. पोर ज्याचं त्याच्याकडं पोचवायला आला होता."

"मग यशोदेचं पुढं काय झालं?" मी एकदा विचारलं.

"कुरुक्षेत्रावर सूर्यग्रहणाच्या स्नानाला भेट झाली म्हणतात. मधली वर्षं कुणी सांगत नाही."

1981 ते 1996 या काळात माझ्या आईनं अकरा बाळं सांभाळली. सगळी संस्थेची. कुणी दवाखान्यात सोडलेलं, कुणी आईनंच रीतसर संस्थेच्या स्वाधीन केलेलं. काही तीन महिने राहिली, काही दहा. कागदपत्रं पुरी झाली, कोर्टाची परवानगी आली, की बाळ त्याच्या दत्तक आईबापांकडे जायचं. संस्थेत आईला 'फॉस्टर मदर' म्हणायचे, गल्लीत 'बाळं सांभाळणाऱ्या बाई'. दुधाच्या पावडरीचे डबे आणि थोडं मानधन मिळायचं. त्या मानधनावरून गल्लीत काय काय बोललं जायचं, ते आईच्या कानावर यायचं. ती उत्तर द्यायच्या भानगडीत पडली नाही. पहिल्याच भेटीत ताईंनी तिला एक गोष्ट सांगितली होती आणि तिला तेवढी पुरली होती. पाळण्यांच्या रांगेत वाढणारं बाळ काही दिवसांनी रडायचं थांबतं. पोट भरलेलं असतं म्हणून नव्हे. कुणी येत नाही, हे त्याला कळलेलं असतं म्हणून.

आजीनं या सगळ्याला पहिल्या दिवसापासून साथ दिली, याचं मला तेव्हा नवल वाटायचं. सोवळंओवळं पाळणारी बाई, आणि कुणाचं कोण बाळ, तिच्या पायांवर तेलात माखून पडलेलं असायचं. त्याचं कारण तिच्या माहेरात होतं.

आजी पंढरपूरची. वारीच्या गर्दीत कुणाचं लक्ष नसतं, म्हणून लांबलांबच्या गावांहून विधवा बायका पंढरपुरात येऊन बाळंत व्हायच्या आणि बाळ तिथंच सोडून परत जायच्या. काही बाळं जिवंत सापडायची, काही नाही. तिथं न्यायाधीश म्हणून आलेल्या लालशंकर उमियाशंकर या गुजराती गृहस्थांनी 1875 साली अशा बाळांसाठी बालकाश्रम काढला. पुढे मुंबईच्या प्रार्थना समाजानं तो चालवला. आजीच्या लहानपणी तो आश्रम गावातली रोजची गोष्ट झालेला होता.

आजी आठ वर्षांची असताना तिच्या आईचं महिन्याचं बाळ गेलं. चौथ्या दिवशी आश्रमातली दाई एक मुलगा पदराखाली घेऊन दारात उभी राहिली. पोर वरच्या दुधावर जगेना. पणजी काही बोलली नाही, तिनं हात पुढे केले. पाच महिने तो मुलगा तिच्या अंगावर वाढला. मग बार्शीकडच्या एका जोडप्यानं त्याला नेलं.

"दत्तक?" मी विचारायची.

"दत्तक कसलं. सांभाळायला नेला. दत्तक द्यायचा तर आई नाहीतर बाप लागतो देणारा. त्याला होतं कोण?"

आजी शाळेत फार शिकलेली नव्हती, पण हे तिचं बरोबर होतं. जुन्या हिंदू कायद्यात मूल दत्तक द्यायचा अधिकार फक्त जन्मदात्यांचा होता, त्यामुळे अनाथ मुलाचं दत्तविधान एखाद्या रूढीचा आधार असल्याशिवाय होतच नसे. मुलींचंही तसंच. 1956 सालच्या कायद्यानं मुलीला दत्तक घेण्याची वाट मोकळी केली आणि 1962 च्या दुरुस्तीनंतर संस्थेला पालक म्हणून कोर्टाच्या परवानगीनं मूल देता येऊ लागलं. त्याआधीची कितीतरी मुलं अशी नुसती 'सांभाळायला नेलेली' असणार.

पण आजीची गोष्ट तिथं संपायची नाही. मुलगा गेला आणि पणजीचं दूध काही आटेना. चैत्र होता. दूध आटावं म्हणून मोगऱ्याच्या कळ्या छातीला बांधायची रीत होती. आठ वर्षांची आजी रोज संध्याकाळी त्या कळ्या ओवायची. ओवताना आई भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची. "त्यानंतर माझ्या आईनं मोगरा माळला नाही," आजी सांगायची. "स्वतःचं गेलं तेव्हा घरात सुतक होतं, बाया येऊन बसत होत्या. हा गेला तेव्हा मात्र सगळ्या म्हणाल्या, बरं झालं हो, पोराचं कल्याण झालं. कल्याण झालंच होतं. पण रडायचं कुणापुढं?"

माझ्या आईनं सांभाळलेल्या बाळांतली तिसरी म्हणजे बाळी. 1984 च्या पावसाळ्यात आली तेव्हा ती वीस दिवसांची असेल. संस्थेच्या रजिस्टरात तिचं काहीतरी नाव होतं, पण आमच्याकडे बारसं करायचं नाही हा आजीचा दंडक होता. बारसं ज्यांचं मूल त्यांनी करायचं, तो मान त्यांचा. म्हणून मुलगी आली की 'बाळी' आणि मुलगा आला की 'बाळ्या'. पण 'बाळी' म्हटलं की आजही आमच्या घरात एकच मुलगी आठवते.

तिचं वजन वाढत नव्हतं. आई तिला दर दोन तासांनी चमच्यानं दूध पाजायची. सकाळी आजी पाटावर पाय पसरून बसायची, तिला पायांवर पालथं घालून तेल जिरवायची, मग टाळू भरायची. ओव्याची धुरी, सहाणेवर गुटीचे वळसे, गालावर तीट. तीन महिन्यांनी बाळीच्या मनगटावर वळ्या आल्या. तिची एकच खोड. आईच्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय ती झोपायची नाही. दुसरं कुठलंही कापड दिलं तर दोन बोटांत चोळून बघायची आणि टाकून द्यायची. आईची एक अंजिरी सुती साडी होती, धुऊन धुऊन मऊ झालेली. तिचाच पदर लागायचा. आई ती साडी एक दिवसाआड नेसायला लागली.

सहाव्या महिन्यात उष्टावण आली. बारसं नाही, पण उष्टावण काही थांबणार नव्हती, भूक वाढली होती. उष्टावण मामाच्या हातची. आईनं भावाला बोलावलं. मामा चांदीची वाटी घेऊन आला, बाळीला मांडीवर घेऊन त्यानं खिरीचं बोट चाटवलं, आणि बाळीनं ते बोट सोडलंच नाही. सगळे हसले. आई स्वयंपाकघरात निघून गेली. त्या रात्री मी दाराआडून आईबाबांचं बोलणं ऐकलं.

"आपणच ठेवूया का तिला?"

बाबा कोर्टात कारकून होते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्याला मुलगी आहे. कलम अकरा. ज्यांना मुलगी आहे त्यांना मुलगी दत्तक घेता येत नाही. मुलगा घ्यावा म्हटलं तर मुलगाही आहे."

मी दहा वर्षांची होते. 'आपल्याला मुलगी आहे' यातली मुलगी मी, एवढं मला कळलं. बाळीची जागा मी अडवून बसले आहे, असं मनानं घेतलं आणि ते बरीच वर्षं तिथंच राहिलं. तिशीत आल्यावर एकदा आईला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "कलम नसतं तरी ती गेलीच असती गं. ते दोघं चार वर्षं वाट बघत होते. मी मागितली असती तर ते चुकीचं झालं असतं. पण मागावीशी वाटली, हे खरं."

फेब्रुवारीत परवानगी आली. ताई आदल्या आठवड्यात सांगून गेल्या. त्या आठवड्यात आईनं अंजिरी साडी फाडली आणि रात्री जागून तिची छोटी गोधडी शिवली. पदर मुद्दाम कडेला घेतला, मुठीत येईल असा. शिवून झाल्यावर धुवायला काढली तर ताई म्हणाल्या, "धुऊ नका. धुतलीत तर नुसतं कापड राहील."

निघताना आजीनं बाळीला कुंकू लावलं. आमच्याकडे प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही घालतात. दह्याची वाटी पुढे होती. आजीनं ती बाजूला सारली आणि बाळीच्या जिभेवर साखरेचे चार दाणे ठेवले. दही घालायचं ते माणूस सुखरूप परत यावं म्हणून. ही परत यायची नव्हती. तिनं परत येऊ नये, हेच तर मागायचं होतं. आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. निरोप देणाराही 'ये' म्हणतो. आईच्या तोंडून सवयीनं 'ये हं' गेलं आणि ती उंबऱ्यातच थबकली.

पुढचं मला आईकडून कळलं, तेही खूप उशिरा. संस्थेच्या व्हरांड्यात ते जोडपं उभं होतं. विदर्भातलं, एवढंच आईला ठाऊक. त्या बाईंचे हात थरथरत होते. बाळीला कसं घ्यावं ते त्यांना कळेना. आईनं दाखवलं, "डाव्या खांद्यावर घ्या. ढेकर तिथंच निघतो." बाळी नव्या खांद्यावर गेली, आईकडे बघितलं आणि ओठ काढले. मग मोठ्यानं रडायला लागली. त्या बाईही रडायला लागल्या. "ती माझ्याकडं राहील ना हो?" त्यांनी विचारलं. आईनं गोधडीचा पदर बाळीच्या मुठीत दिला.

"तुम्ही तिला काय म्हणून हाक मारायचात?"

"बाळी."

"मग थोडे दिवस मीही बाळीच म्हणते."

आई वळली आणि जिन्याकडे चालायला लागली. मागं बघितलं असतं तर बाळीनं हात पसरले असते, आणि मग त्या बाईंना आणखी जड गेलं असतं. रडणं जिना उतरेपर्यंत ऐकू येत होतं. आई म्हणते, त्या रडण्यानं तिला दोन गोष्टी कळल्या. आपण तिला जीव लावला होता. आणि जीव लावायला ती शिकली होती. आता ती तो दुसऱ्या कुणाला लावू शकेल.

त्या रात्री आई सलग आठ तास झोपली. आठ महिन्यांत पहिल्यांदा. सकाळी उठल्यावर तिला त्याचाच राग आला. बाटल्या उकळायला ठेवल्या, मग लक्षात आलं, गॅस बंद केला. भाऊ खुळखुळा दप्तरात घालून शाळेत घेऊन गेला. शेजारच्या काकू येऊन म्हणाल्या, "बरं झालं, पोरीचं सोनं झालं." आजी आतून बाहेर आली आणि काकूंना म्हणाली, "सोनं झालं. आता थोडं रडू द्या हिला." पणजीला जे कुणी दिलं नव्हतं, ते आजीनं सुनेला दिलं.

त्या रविवारी बाबा आम्हा दोघांना गंज पेठेत फुले वाड्यात घेऊन गेले. घरात कुणाला काही सुचत नव्हतं म्हणून असेल. त्यांनी आम्हाला अंगणातला तो हौद दाखवला, जो जोतीरावांनी 1868 मध्ये अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला होता. मग ओट्यावर बसून सांगितलं, की 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल हवं तर न्यावं, नको तर ठेवून जावं. तिथं बाळंत झालेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत 1874 मध्ये जन्मला, तो या दोघांनी आपला म्हणून वाढवला. पुढे तो डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करता करता गेल्या, त्याही यशवंतच्या दवाखान्याच्या कामात.

शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथं संपते. बाबांनी पुढचंही सांगितलं. जोतीरावांनी 1884 मध्ये समाजसुधारक मलबारींच्या टिपणांवर मत देताना लिहून ठेवलं आहे, की तोवर त्या घरात पस्तीस विधवा बाळंत झाल्या आणि त्यांतली पाच मुलं जगली, तीस गेली. गर्भ लपवण्यासाठी घेतलेल्या विषारी औषधांमुळे गेली.

"म्हणजे त्या तीस बाळांना सावित्रीबाईंनी मांडीवर घेतलं असणार?" भावानं विचारलं.

बाबा म्हणाले, "दुसरं कोण घेणार?"

मी सावित्रीबाईंबद्दल पुढे पुष्कळ वाचलं, भाषणंही ऐकली. यशवंतबद्दल सगळे बोलतात आणि बोलावंच. पण त्या पस्तिसांपैकी प्रत्येकाला कुणीतरी पहिल्यांदा न्हाऊ घातलं होतं, हे माझ्या मनातून त्या दिवसापासून गेलं नाही. राहिलेल्या मुलाची आई इतिहासात येते, गेलेल्या मुलांची येत नाही. साताऱ्याला जाताना एसटी कापूरहोळला आली की आत्या हटकून सांगायची, "हे धाराऊचं गाव." संभाजीराजांना दूध पाजणारी धाराऊ. त्यांच्या आई सईबाईंची तब्येत खालावलेली, 1659 मध्ये त्या गेल्याच, आणि तेव्हा राजे जेमतेम दोन वर्षांचे होते. बाळ राजाचं होतं म्हणून दूधआईचं नाव राहिलं. पंढरपुरातल्या माझ्या पणजीकडून बार्शीकडं गेलेला मुलगा कुणी राजा नव्हता.

आईनं बाळीनंतरही बाळं घेतली. मला वाटलं होतं ती थांबेल. दीड महिन्यानं ताईंचा निरोप आला, सात दिवसांचा मुलगा आहे, आणि आईनं पाळणा पुसायला घेतला. प्रत्येक बाळाची ती एक वही ठेवायची. किती वाजता दूध, कुठल्या कुशीवर झोपतो, कशाला घाबरतो, पहिला दात कधी. एक बाळ्या युरोपात जाणार होता. 1984 मध्ये लक्ष्मीकांत पांडे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं परदेशी दत्तकाचे कडक नियम घालून दिले होते, त्यामुळे कागद फार वाढले होते. पण वहीचं इंग्रजी कुणी मागितलं नव्हतं. ते बाबांनी आपणहून करायला घेतलं. तीन रात्री बसले. 'टाळू भरणे' याला त्यांना शब्द सापडेना. 'गुटी'ला सापडेना. शेवटी ते शब्द त्यांनी इंग्रजी अक्षरांत तसेच लिहिले आणि शेजारी पेन्सिलीनं बाळाच्या डोक्याचं चित्र काढून टाळूवर बाण दाखवला.

2009 मध्ये पेपरात एक बातमी वाचली. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी निकाल दिला होता, की बाल न्याय कायद्याखाली, स्वतःची मुलगी असलेल्या जोडप्यालाही अनाथ किंवा सोडून दिलेली मुलगी दत्तक घेता येते. 1956 च्या कायद्यातलं ते कलम त्याच्या आड येत नाही. मी ऑफिसातून आईला फोन केला आणि बातमी वाचून दाखवली. आई काही बोलेना. मला वाटलं लाइन तुटली.

"ती पंचवीस वर्षांची झाली असेल," आई म्हणाली.

आता सगळंच बदललं आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यानं बाल कल्याण समितीकडे बरंच काम दिलं. मूल स्वाधीन करणाऱ्या आईबापांना फेरविचाराला दोन महिने मिळतात. 2021 च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा हुकूम कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. तान्ही बाळं दत्तक संस्थांमध्ये असतात, आणि घरात सांभाळायला मूल देण्याची जी सोय आहे ती मुख्यतः सहा वर्षांवरच्या, दत्तक न जाणाऱ्या मुलांसाठी. 2024 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्या स्त्रीला किंवा पुरुषालाही असं मूल सांभाळता येतं, आणि दोन वर्षं सांभाळल्यावर दत्तक मागता येतं, पूर्वी पाच वर्षं लागायची. 'सांभाळल्यावर दत्तक मागता येतं', या वाक्याचा माझ्या आईला किती उपयोग झाला असता, असं मनात येतं. आणि तरीही, पाळण्यांच्या रांगेऐवजी मधल्या एखाद्या घरात, एखाद्या पदराला धरून काढलेले ते पहिले महिने मला फार मोलाचे वाटतात. अशी घरं तान्ह्या बाळांसाठी पुन्हा वाढावीत, असं मला मनापासून वाटतं.

आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिच्या कपाटात वरच्या खणात अकरा झबली आहेत, प्रत्येक बाळाचं एक. कधी कुणाचं पत्र आलं नाही, आणि येणार नव्हतंच. दोन्ही घरांना एकमेकांचा पत्ता द्यायचा नाही, हा नियम होता आणि त्याला कारण होतं. झबल्यांवर नावं नाहीत. पण कुठलं कुणाचं, ते आई अंधारातसुद्धा हातानं सांगते.

हे वाचणाऱ्यांत कुणी दत्तक आईबाप असतील, कुणी लवकरच होणार असतील, म्हणून त्यांना एक विनंती. तुमच्या बाळाबरोबर एखादी वही आली असेल तर ती जपून ठेवा आणि मोठं झाल्यावर त्याच्या हातात द्या. आणि बाळ घरी आणाल तेव्हा त्याच्याबरोबर एखादी जुनी, परक्या घराच्या वासाची गोधडी असेल, तर ती थोडे दिवस धुऊ नका.